बेंचरेस्टसाठी काडतूस आणि बॅरल: इंदूरवाल्याने काय घ्यावं

आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना डोक्याला ताप नको: आपल्याकडे बेंचरेस्ट (म्हणजे टेबलावर रायफल टेकवून टार्गेटवर अचूक मारायचा खेळ) करायचं तर .२२ एलआर (.२२ लाँग रायफल) हेच काडतूस. ६ पीपीसी, ६ बीआर, डॅशर ही मोठी मॅचची काडतुसं, हे सगळं व्हिडिओत बघायला झकास वाटतं, पण ते अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडचं काम, तिथं बंदुकीची दारू, प्रायमर (ती पेटवणारी टोपी), बुलेट (काडतुसातून उडणारा भाग) दुकानात मिळतात आणि लोक रेंजवरच टेबल मांडून दोन राउंडच्या मधे काडतुसं भरत बसतात. इथं ते जमणारं नाही. आणि .३०८ वर कोणाचा जीव जडला असेल तर ते लष्करी ७.६२ चं भावंड, आपल्या कायद्यात प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं कॅलिबर, विषय संपला.

तरी पीपीसीची गोष्ट माहीत असलेली बरी, कारण बॅरल निवडायची अक्कल तिथूनच येते. १९७० च्या दशकात लू पालमिसानो नावाच्या सर्जनने आणि फेरिस पिंडेलने .२२० रशियन ही केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) घेतली, जी मुळात एके-४७ च्या ७.६२x३९ वरून आलेली, आणि तिच्यापासून बुटकं, जाडं, ३० डिग्री खांद्याचं काडतूस बनवलं. १०० आणि २०० यार्डांवर त्याने बाकीच्यांना घरी बसवलं. त्यात ६५ ते ७० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) आखूड, सपाट बुडाची बुलेट जाते आणि त्यासाठी बॅरलचा ट्विस्ट असतो साधारण १४, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांचा (रायफलिंगचा) १४ इंचात एक फेरा. आता तेच ६ एमएम कॅलिबर, पण १०५ ग्रेनची लांब बुलेट लांब अंतरावर मारायची असेल तर ट्विस्ट लागतो ८ चा. कॅलिबर एकच, बॅरल पार वेगळं. म्हणून "कुठलं कॅलिबर घेऊ" हा प्रश्नच अर्धवट आहे भिया, बुलेट किती लांब आहे ते आधी बघायचं आणि मग बॅरल.

याचं गणित जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्येच मांडून ठेवलंय: बुलेटच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले बुलेटची लांबी, सगळं इंचात. .२२ ची ४० ग्रेनची बुलेट घ्या, व्यास .२२३, लांबी साधारण .४६, उत्तर येतं १६ च्या आसपास. म्हणूनच जगातली बहुतेक .२२ मॅच बॅरलं १६ किंवा १६.५ ट्विस्टची असतात. कोणी वेगळ्या ट्विस्टची जादू सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

आता काडतूस. .२२ मध्ये आपण भरत नाही, फॅक्टरी देईल ते मारायचं, मग निवड उरते ती सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) मॅच गोळी आणि तिचा लॉट (कारखान्यातून एकत्र निघालेली खेप) एवढीच. हाय व्हेलॉसिटीच्या पाकिटावर मोठा आकडा बघून लोकांना वाटतं वेगवान गोळी वाऱ्याला कमी ऐकेल, होतं उलटंच. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, गोळी तिथं वेग जास्त घालवते आणि वाऱ्याने जास्त सरकते. मॅच गोळी ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंदाला निघते, आवाजाच्या खालीच, आणि तरी ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर तीनेक सेंटीमीटर सरकते, हे लक्षात असू द्या. एली टेनेक्स, लापुआचं सेंटर-एक्स, मिडास, एक्स-अ‍ॅक्ट, आरडब्ल्यूएस आर५० ही मॅच गोळ्यांची नावं कानावर येतीलच. सरावाला एसके चालतं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गोळ्या हात बसवायला ठीक, पण त्यांच्यावरून बॅरल चांगलं का वाईट ते ठरवू नका.

महाग गोळीचे पैसे कशाचे, तर एकसारखेपणाचे. ५० मीटरवर गोळी साधारण साडेबारा सेंटीमीटर खाली पडते, म्हणजे वेगात १ टक्क्याचा फरक पडला की उभा फरक पडतो अडीच मिलिमीटर. एकाच पाकिटातल्या दोन गोळ्यांत १० मीटर प्रति सेकंदाचा फरक निघाला तर सात-आठ मिलिमीटर गेले, आणि त्यात तुमची काडीची चूक नाही. बेंचरेस्टमध्ये रायफल पुढे रेस्टवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर टेकलेली, कार्डावर २५ बुल (छोटी गोल टार्गेटं), प्रत्येकी एक गोळी, एकूण २५० मार्क. शरीराचं थरथरणं जवळपास गेलेलंच असतं, मग गोळीचा प्रत्येक लाड तिथं उघडा पडतो.

बॅरलकडे येतो. परदेशात लोक बॅरल झिजलं की आवाज न करता नवीन बसवतात, पीपीसीवाले तर कायमच बदलत असतात. आपल्याकडे बॅरल हा शस्त्राचा भाग धरला जातो आणि लायसन्सच्या चौकटीत येतो, त्यामुळे "आत्ता रायफल घेऊ, बॅरल मग बघू" असं होत नाही. रायफल घेताना खरं म्हणजे बॅरलच विकत घेतोय असं समजा, लाकडाची नक्षी आणि स्टॉकचा (दस्त्याचा) रंग शेवटी. (लायसन्सचं काम कलेक्टर ऑफिसातून, ते वेळ खातं, आणि खेळाडू म्हणून नेमबाजीच्या असोसिएशनमधून गेलात तर वाट सोपी, यावर इथं जास्त लिहीत नाही.)

लांबी किती? .२२ ची दारू १६-१८ इंचातच जळून मोकळी होते, पुढची लांबी वेगासाठी नाही. लांब बॅरल वाकतं जास्त, कडकपणा लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे .७ इंचाऐवजी .९ इंच जाड बॅरल घेतलं तर ते पावणेतीन पट कडक. बेंचवर रायफल खांद्यावर तोलायची नसते, तेव्हा वजनाची मर्यादा सांभाळून जाड घ्या, २० ते २६ इंचात काहीही चालेल. बटन रायफलिंग (खाचा दाबून पाडलेल्या) का कट रायफलिंग (कापून पाडलेल्या), यावर लोक सराफ्यात रात्री गराडू खाता खाता भांडतील, पण दोन्ही प्रकारची बॅरलं जिंकतात. स्टेनलेस का क्रोममॉली (साधं मिश्र पोलाद)? .२२ मध्ये बॅरल झिजायचं टेन्शन नाही, पण आपला पावसाळा बघता मी स्टेनलेस म्हणेन.

चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) मॅचचं हवं, ज्यात बुलेट रायफलिंगमध्ये किंचित घुसते. याची एक किंमत आहे: न मारलेलं काडतूस परत काढताना बुलेट आतच अडकून केस हातात येऊ शकते आणि दारू अ‍ॅक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते. मॅच चेंबरमध्ये गोळी घातली की मारायचीच, असंच ठरवून घाला.

सेकंडहँड मॅच रायफल मिळाली, आणि आपल्याकडे चांगली बॅरलं बऱ्याचदा अशीच मिळतात, एखाद्याने थ्री पोझिशन (तीन पवित्र्यांतली रायफल नेमबाजी) सोडलं की त्याची अँशुट्झ (जर्मन मॅच रायफल) कुठे तरी निघते, तर बघायचं कसं ते नीट वाचा. बोल्ट काढा, मागून चांगला रॉड घाला, त्यावर घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून हळू ढकला, घाई नको. हाताला सारखा विरोध लागला पाहिजे, मधेच एकदम सैल झालं तर तिथं बोअर फुगलेलं किंवा खराब आहे, सोडून द्या. तोंडाजवळ शेवटच्या दोनेक इंचात किंचित घट्ट लागलं तर उत्तम, चांगले बॅरलवाले लॅपिंग (बोअर घासून गुळगुळीत) करताना मुद्दाम तसं ठेवतात, आणि म्हणूनच "पुढून दोन इंच कापून नवा क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) करून देतो" म्हणणाऱ्याला आधी हात जोडा. मग कान साफ करायची कापसाची काडी घेऊन क्राउनच्या आतल्या कडेवरून बाहेर ओढा, सगळीकडून, कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथं बर, म्हणजे धातूची खरखरीत कड आहे. चेंबरच्या पुढे कार्बनचं कडं बसलेलं असतं, ते साफ होतं, त्यावरून भाव पाडा पण नाही म्हणू नका.

आता लॉट टेस्ट, याच्यावर पैसे खर्च करा, बॅरलपेक्षाही. चार-पाच वेगवेगळ्या लॉटची एकेक-दोन पाकिटं घ्या. प्रत्येकाच्या बुलेटवरचं मेण वेगळं असतं, म्हणून लॉट किंवा ब्रँड बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या बॅरलला सवय लागायला मारा, त्या मोजायच्या नाहीत. मग पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (एकाच बिंदूवर नेम धरून मारलेल्या छिद्रांचे पुंजके). तीन गोळ्यांचा एक ग्रुप काढून मोबाइलवर फोटो फिरवणं ही करमणूक झाली, त्यातून काही कळत नाही. मोजताना सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडा मोजा, एका छिद्राची रुंदी वजा करा, पाचही ग्रुपचा सरासरी आकडा लिहा, सगळ्यात छोटा ग्रुप नाही. ग्रुप उभा लांबट येतोय तर गोळीचा वेग हलतोय किंवा मागची पिशवी नीट नाही, आडवा येतोय तर बहुतेक तुम्ही वारा वाचला नाही, त्यात लॉटला दोष देऊ नका. जो लॉट जमला त्याचा पाकिटावरचा नंबर लिहून ठेवा आणि त्याच नंबरच्या जितक्या मिळतील तितक्या घ्या. पुढच्या लॉटला तीच गोळी, तेच नाव, तीच किंमत असते, पण तुमचं बॅरल ती नाकारू शकतं.

हे सगळं सकाळी करा. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची गार रात्र, ठीक आहे हो, पण माळव्यातली मे-जूनची दुपार म्हणजे पश्चिमेचा वारा आणि काळ्या मातीवरून उठणारी लहर, स्कोपमधून बुल पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो. इंदूरच्या रेवती रेंजकडे १४ जुलै २०२४ ला एका दिवसात १२ लाखांवर रोपं लावली, ती मोठी होऊन वारा अडवतील तेव्हा अडवतील, तोवर टार्गेट आणि बेंचच्या मधे दोन-तीन ठिकाणी काठीला हलकी रिबन बांधून झेंडे करा, शंभर रुपयांत होतात. आणि गोळ्यांचा डबा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, मेण वितळून एका बाजूला जमा होतं आणि मग लॉट टेस्ट सगळी पाण्यात. सावलीत, झाकून, मॅचला लागतील तेवढ्याच बाहेर काढा. ट्यूनर (बॅरलच्या तोंडाला लावायचं, कंप जुळवणारं वजन) वगैरे घ्यायचा असेल तर लॉट ठरल्यावर, आधी नाही, कारण लॉट बदलला की त्याचं सेटिंग परत पहिल्यापासून.