नोंद की शेरा?

नर्सिंगला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका आजोबांबद्दल मी नाईटच्या नोट्समध्ये लिहिलं, ‘पेशंट कटकट्या आहे, सहकार्य करत नाही.’ सकाळी हँडओव्हरला इनचार्ज सिस्टरनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “बेल किती वेळा वाजली? कशासाठी?” मला सांगता येईना.

पुढच्या रात्री मोजलं. दोन ते चारमध्ये पाच बेल, त्यातल्या चार पाण्यासाठी. उजवा हात प्लास्टरमध्ये आणि पाण्याचं भांडं उजवीकडच्या लॉकरवर! भांडं डावीकडे ठेवलं, आजोबा सकाळपर्यंत झोपले.

तेव्हापासून माणसाबद्दल काही म्हणायच्या आधी मी एक बघते: शेजारी उभ्या असलेल्या तिऱ्हाइतालाही हेच दिसलं असतं का? ‘मी बोलत होते तेव्हा तिनं फोनवरून मान वर केली नाही’ हे त्याला दिसलं असतं. ‘तिला माझी किंमत नाही’ हे नसतं दिसलं, ते मी जोडलं. ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द आले की त्यांच्या जागी आकडा आणि वेळ घाला. ‘मुद्दाम’ मात्र सरळ खोडा, कारण तो समोरच्याच्या मनातला आहे आणि तिथे आपली ड्यूटी नसते.

हे सोपं नाही. 1967मध्ये जोन्स आणि हॅरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, हे सांगूनही वाचणाऱ्यांना वाटलं की लिहिलंय त्याअर्थी थोडंफार त्याचं मतही तेच असणार.

मत बनवूच नका, असं मी म्हणत नाही. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 30 झाला तर मी डॉक्टरांना बोलावणारच. पण आधी 30 लिहायचं, मग पळायचं. नुसतं ‘घाबरट आहे’ लिहिलं तर पुढची सिस्टर श्वास मोजणारच नाही.

घरी हे मला अजून धड जमत नाही. सूर चढला की आकडासुद्धा शेराच होतो. परवा लेकाला म्हटलं, “या आठवड्यात तीनदा तू दहानंतर आलास.” तो बूट काढता काढता म्हणाला, “आई, चार्ट भरतेयस का माझा?”