डॉक्टरनी फिश ऑइलच्या कॅप्सूल लिहून दिल्यात, त्या घ्यायच्या कशा

बाबांचं रक्त तपासायला दिलं त्या दुपारी लॅबमधल्या मुलानं मला आत बोलावलं आणि ट्यूब उजेडाकडे धरून दाखवली. रक्त खाली बसलं की वर पिवळट पाण्यासारखा थर येतो ना, तो बाबांच्या ट्यूबमध्ये ताकासारखा पांढरा होता. संध्याकाळी रिपोर्ट आला, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ७४२, आणि एलडीएलच्या (वाईट कोलेस्टेरॉलच्या) रकान्यात आकडाच नाही. नंतर कळलं की ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की एलडीएल काढायचं नेहमीचं गणित चालत नाही म्हणून लॅबवाले तो रकाना रिकामा सोडतात.

आमच्या गोव्यात डिचोलीच्या बाजूला बऱ्याच घरात हा रिपोर्ट येतो आणि लोक "कोलेस्टेरॉल वाढलंय" एवढंच म्हणून सोडून देतात, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष बाबांचं हे फिश ऑइलचं औषध मी सांभाळतोय आणि सुरुवातीला आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आधी आकडे. १५० च्या आत नॉर्मल, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० आणि वर म्हणजे खूप जास्त. ५०० च्या वर काळजी फक्त हार्टची नसते, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, पॅन्क्रियाटायटिस म्हणतात ते, आणि आकडा हजाराच्या पलीकडे गेला की ही भीती चांगलीच वाढते. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखतंय, कळ पाठीत जातेय, उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

बाबांच्या डॉक्टरनी पहिल्याच दिवशी कॅप्सूल लिहिल्या नाहीत, आणि तेच बरोबर होतं. त्यांनी आधी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) आणि थायरॉइड करायला लावलं, किडनी बघितली, कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या टेबलावर मांडायला लावल्या. कारण शुगर हाताबाहेर असेल, थायरॉइड कमी पडत असेल, किंवा स्टेरॉइडसारखी काही औषधं चालू असतील तर ट्रायग्लिसराइड्स त्यामुळेच चढतात, आणि मूळ तसंच ठेवून वरून तेलाच्या कॅप्सूल गिळून फार काही हाती लागत नाही. बाबांची एचबीएवनसी ८.६ निघाली. शिवाय रोज रात्री दोन पेग, आणि मार्च ते मे उराकाचे (काजूच्या दारूचे) दिवस असले की दुपारीपण. हे डॉक्टरना सांगायला बाबा तयार नव्हते, मी सांगितलं, घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण सांगावंच लागतं, दारू लपवून ट्रायग्लिसराइड्सचा इलाज होत नाही.

शुगरचं औषध बदललं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) होतीच ती तशीच ठेवली, आणि जोडीला ओमेगा-३ च्या, म्हणजे फिश ऑइलच्या, कॅप्सूल आल्या, दिवसाला ४ ग्रॅम. स्टॅटिन चालू असेल तर फिश ऑइल आलं म्हणून ती बंद करायची नसते, दोघांची कामं वेगळी.

आता आमची सगळ्यात मोठी चूक. चिठ्ठी घेऊन मी एका फार्मसीत गेलो, तिथं लिहून दिलेलं औषध नव्हतं, काउंटरवरच्या माणसानं शेल्फवरची मोठी बाटली काढून दिली, "तेच ते, फिश ऑइल, हजार मिलिग्रॅम". मी घेऊन आलो. बाबा महिनाभर रोज चार खात होते. मग एका रविवारी जेवण झाल्यावर बाबा चष्मा वर करून बाटलीच्या मागचं बारीक छापलेलं वाचायला लागले आणि मला म्हणाले, "अरे, इथं ईपीए १८० आणि डीएचए १२० लिहिलंय, हजार कुठाय?" बघतो तर खरंच. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १००० आहे ते आख्ख्या तेलाचं वजन, त्यात कामाचं ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून फक्त ३००, बाकी नुसती दुसरी चरबी. डॉक्टरी औषधाच्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे अमेरिकेत लोवाझा नावानं मिळतं त्यात, साधारण ४६५ ईपीए आणि ३७५ डीएचए असतं, म्हणजे ८४०. चार घेतल्या की ३३६० मिलिग्रॅम. तेवढंच त्या बाटलीतून हवं तर दिवसाला अकरा कॅप्सूलच्या वर खाव्या लागल्या असत्या, आणि तेवढी फालतू चरबीपण पोटात गेली असती. महिना वाया गेला.

तेव्हा फार्मसीत उभे असतानाच पाकीट उलटं करा आणि मागचं वाचा. चिठ्ठीवर "ओमेगा-३-ॲसिड इथाइल एस्टर्स" किंवा "इकोसापेंट इथाइल" असं लिहिलेलं असेल तर पाकिटावरपण तेच नाव हवं. ईपीए किती, डीएचए किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. नसेल मिळत तर मागवून घ्या, दोन दिवस थांबायला लागलं तरी चालेल, बदली काही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरना फोन करून विचारायचं. आणि कॉड लिव्हर ऑइल ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्यात व्हिटॅमिन ए असतं, ते मुठीनं खाल्लं तर अंगावर येतं.

ही दोन औषधंपण एकसारखी नाहीत, हे समजून घेतलेलं बरं. ओमेगा-३-ॲसिड इथाइल एस्टर्समध्ये ईपीए आणि डीएचए दोन्ही असतात, आणि ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स खूपच जास्त आहेत त्यांच्यात ते उतरता उतरता एलडीएल थोडं वर जाऊ शकतं, म्हणून पुढच्या रिपोर्टमध्ये एलडीएलकडे लक्ष ठेवायचं. इकोसापेंट इथाइल म्हणजे नुसतं ईपीए, त्यात हा त्रास सहसा नाही. अमेरिकेत ते वासेपा नावानं २०१२ मध्ये मंजूर झालं. २०१८ मध्ये रिड्यूस-इट नावाची मोठी चाचणी आली, ८१७९ पेशंट, सगळे स्टॅटिनवर असलेले, त्यात रोज ४ ग्रॅम इकोसापेंट घेणाऱ्यांमध्ये हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, हार्टमुळे मृत्यू वगैरे मिळून २५ टक्के कमी झाले. पण दुसऱ्या गटाला तुलनेसाठी औषधाऐवजी जे मिनरल ऑइल दिलं होतं त्यावरून डॉक्टर मंडळींत अजून वाद चालतो, आणि २०२० च्या स्ट्रेंग्थ चाचणीत ईपीए-डीएचए मिश्रणानं तसा फायदा दिसलाच नाही. म्हणून कुठलं औषध तुमच्यासाठी, हे डॉक्टरनाच ठरवू द्या, शेजाऱ्याला जे दिलं ते मागू नका.

घ्यायचं कसं. जेवणासोबत, हे सगळ्यात महत्त्वाचं. ही इथाइल एस्टरची जात आहे, रिकाम्या पोटी ती नीट पचत नाही, जेवण पोटात गेलं की पाचक रस सुटतात आणि मग ती अंगाला लागते. बाबा पहिल्यांदा सकाळी चहासोबत घ्यायचे, पोदेर (पाववाला) आला की पोई (पाव) चहात बुडवून, त्यातच दोन कॅप्सूल, आणि मग दुपारपर्यंत माशाचे ढेकर. आता दुपारी शीत-कढी (भात-कढी) वाढली की अर्ध्या जेवणात दोन, आणि रात्री जेवताना दोन. इकोसापेंट इथाइल असेल तर २ ग्रॅम दोन वेळा असंच असतं, दुसऱ्या औषधाच्या चारही एकदम घेतल्या तरी चालतात पण पोटाला दोन वेळा सोपं जातं. कॅप्सूल आख्खी गिळायची, चावायची नाही, कापून तेल भातावर पिळायचं नाही. गिळायला मोठी वाटते खरी, बाबा आधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करतात मग कॅप्सूल टाकतात. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर पुढच्या जेवणासोबत घ्या, पण पुढची वेळच आली असेल तर दुप्पट घेऊ नका.

ढेकर, तोंडाला चव, थोडं पोट बिघडणं, हे पहिले काही आठवडे होतं. काही लोक फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, पण लोवाझाच्या लेबलवरच गोठवू नका असं आहे, तेव्हा तो उपाय नको. आपल्याकडच्या दमट हवेत बाटली किचनच्या खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, खोलीतल्या थंड कोपऱ्यातल्या कपाटात, झाकण घट्ट लावून.

सुरू करायच्या आधी डॉक्टरना तीन गोष्टी न विचारता सांगा. मासळी किंवा तिसऱ्या-सुंगटांची (शिंपल्या-कोळंबीची) ॲलर्जी आहे का. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन असं रक्त पातळ करायचं काही चालू आहे का, कारण याच्यानं रक्तस्राव थोडा वाढू शकतो, दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल तेव्हापण सांगायचं. आणि तिसरं, छातीत धडधड होऊन ठोके अनियमित व्हायचा त्रास आधी कधी झालाय का. रिड्यूस-इटमध्ये या कारणानं हॉस्पिटलात जायला लागलेले लोक औषधाच्या गटात ३.१ टक्के होते, दुसऱ्या गटात २.१. आकडा लहान आहे पण बाबांच्या वयाच्या माणसाला अचानक धडधड सुरू झाली, चक्कर आली, दम लागला तर त्याच दिवशी दाखवायचं, हे आम्ही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

खाण्याचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. आपल्याकडे लोक म्हणतात, आम्ही रोज नुस्तं (मासळी) खातो मग कॅप्सूल कशाला. बांगडे, तारले खूप चांगले आहेत, खा, पण रव्यात घोळून तेलात तळलेल्यापेक्षा हुमण (कालवण) करून किंवा भाजून खा. तरी ४ ग्रॅमच्या डोसाइतकं रोज ताटातून मिळणं कठीण, आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा तर ताज्या मासळीचे वांधेच. नारळावर सगळं खापर फोडतात तेपण तितकं बरोबर नाही. नारळाचा संबंध एलडीएलशी जास्त, ट्रायग्लिसराइड्स मुख्यतः चढतात ते साखर, मैदा, भाताचा डोंगर आणि दारू यांनी. मात्र आकडा हजाराच्या वर असेल तर तेल-तूप-नारळ सगळंच काही दिवस अगदी कमी करायला लावतात, तिथं डॉक्टर सांगतील तसं. आमच्याकडे भात अर्धा झाला, चहातली साखर गेली, कोल्ड्रिंक घरात आणणं बंद, आणि दारू पूर्ण बंद. शेवटचं सगळ्यात कठीण गेलं, आईनं संध्याकाळी बाबांना घेऊन चालायला जायला सुरुवात केली ती त्याच वेळी, जेव्हा पेग भरायची वेळ असायची.

पुन्हा टेस्ट साधारण २ ते ३ महिन्यांनी करतात. १० ते १२ तास उपाशी, पाणी चालतं, आणि आधीचे दोन-तीन दिवस दारूचा थेंब नको नाहीतर आकडा खोटाच येणार. शक्यतो त्याच लॅबमध्ये. बाबांचा आकडा ३१८ आला. सगळं श्रेय कॅप्सूलला देऊ नका, हिशोब करून बघा, इतक्या चढलेल्या आकड्यावर ४ ग्रॅमनं साधारण ३० टक्के उतरतं, म्हणजे ७४२ चे ५२० च्या आसपास झाले असते, उरलेलं शुगरनं, भातानं, दारू सोडल्यानं आणि त्या चालण्यानं गेलं. पण ते ५२० पर्यंतचं अंतरपण नुसत्या पथ्यानं कापलं असतं का, मला वाटत नाही.

आणि मग श्रावण आला. बाबा श्रावणात नुस्तं खात नाहीत, लहानपणापासून. माशाचं तेल कसं घ्यायचं म्हणून त्यांनी कॅप्सूल गुपचूप बंद केल्या, कुणालाच सांगितलं नाही. पुढे चवथ, घरात नेवऱ्या (करंज्या), मोदक, पाच दिवस गणपती, येणारे-जाणारे. सप्टेंबरमध्ये आकडा ५६१. मी चिडणार होतो, पण बाबांचा चेहरा बघून गप्प बसलो, त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न होता. डॉक्टरकडे गेलो आणि तेच सरळ विचारलं. ते रागावले नाहीत, म्हणाले आधी सांगायचं होतं, तेवढ्या दिवसांसाठी आपण दुसऱ्या गोळीचा विचार केला असता, पण मधेच सोडलं की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर येतो, कॅप्सूल घेताय तोवरच काम करते. तुमच्या घरातपण कुणी श्रावण, संकष्टी, सोमवार पाळत असेल तर हे औषध मासळीपासून आहे आणि बाहेरचं कवच बहुधा जिलेटिनचं आहे हे पहिल्याच दिवशी सांगा आणि काय करायचं ते डॉक्टरसमोर ठरवा.

यंदा जुलैमध्येच बाबांनी आपणहून मला विचारलं, "श्रावणाआधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीस का रे?"