चिनी पंचतत्त्वांवरून जोडी पाहताना: जन्मवर्ष सोडा, जन्मदिवस धरा

जन्मवर्षाचा शेवटचा आकडा ० किंवा १ असेल तर धातू, २-३ पाणी, ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती. बहुतेक तक्ते एवढ्यावरच जोडी जमते की नाही ते सांगून मोकळे होतात. चीनच्या तांग राजवटीत जन्मवर्षालाच वजन होतं हे खरं. पण नंतरच्या सोंग राजवटीत श्यू त्झपिंगच्या नावाने रूढ झालेल्या बाझी पद्धतीत (यात जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार स्तंभ मांडतात) केंद्रस्थानी आला तो जन्मदिवस. माणसाचं 'स्वतःचं' तत्त्व म्हणजे दिवसाचं तत्त्व, आणि दिवसाची राशी म्हणजे जोडीदाराचं घर.

हे दिवसाचं तत्त्व कागदावर काढता येतं. प्रत्येक वर्षाला, महिन्याला आणि दिवसाला एक राशी आणि एक 'खोड' असतं. ही खोडं दहा, ती क्रमाने फिरत राहतात: १-२ लाकूड, ३-४ अग्नी, ५-६ माती, ७-८ धातू, ९-१० पाणी. यातला विषम क्रमांक यांग (प्रखर), सम क्रमांक यिन (सौम्य). (वर्षाच्या आकड्यात नेमकं उलट, सम ते यांग. इथे बरेच जण फसतात.) १ जानेवारी २००० या दिवसाचं खोड ५ आणि राशी घोडा. जन्मतारीख आणि ही तारीख यांच्यात किती दिवसांचं अंतर आहे ते स्प्रेडशीटमध्ये वजाबाकी करून काढा. हाताने मोजताना दोन्ही टोकं धरली तर एक दिवस वाढतो आणि तत्त्वच बदलू शकतं. जन्म आधीचा असेल तर अंतराचा शेवटचा आकडा ५ मधून वजा करा, उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर त्यात १० मिळवा. जन्म नंतरचा असेल तर बेरीज करा आणि १० च्या वर गेल्यास १० वजा करा.

राशीसाठी त्याच अंतराला १२ ने भागा आणि बाकी येईल तितकी घरं घोड्यापासून मागे किंवा पुढे जा. क्रम असा: उंदीर १, बैल २, वाघ ३, ससा ४, ड्रॅगन ५, साप ६, घोडा ७, बकरी ८, माकड ९, कोंबडा १०, कुत्रा ११, डुक्कर १२.

उदाहरण म्हणून तो १५ मे १९९० चा आणि ती १० नोव्हेंबर १९९३ ची असं धरू. त्याचं अंतर ३५१८ दिवस. ५ वजा ८ म्हणजे उणे ३, म्हणून ७: यांग धातू. १२ ने भागून बाकी २, राशी ड्रॅगन. तिचं अंतर २२४३. ५ वजा ३ म्हणजे २: यिन लाकूड. बाकी ११, राशी बकरी.

लाकूड अग्नीला पोसतं, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला, पाणी लाकडाला. हे जननचक्र. नियंत्रणचक्रात लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला आवरतं. म्हणजे आपल्या उदाहरणात तो तिला 'कापतो'. वरवरचा तक्ता इथेच नकार देईल, आणि तिथेच चुकेल. बाझीत पुरुषाचं तत्त्व ज्याला आवरतं ते पत्नीचं आणि स्त्रीच्या तत्त्वाला जे आवरतं ते पतीचं तत्त्व मानतात. विवाहाचं नातं नियंत्रणचक्रातच आहे. (ही मांडणी जुन्या पितृसत्ताक घराची आहे, हे उघडच आहे.) बघायचं ते यिन-यांग: एक यांग आणि दुसरं यिन असेल तर नातं सरळ, दोन्ही सारखी असतील तर धार जास्त. शिवाय खोडांच्या क्रमांकांत ५ चा फरक असेल, म्हणजे १-६, २-७, ३-८, ४-९, ५-१०, तर ती जोडी 'संयोग' करते. २ आणि ७ त्यातलीच.

जननचक्र नेहमी शुभ, हाही गैरसमज. जो पोसतो तो झिजतो. आधीच दुबळ्या धातूला पाणी पोसायला लावलं तर धातू आणखी रिता होतो.

राशींमध्ये ६ घरांचं अंतर म्हणजे टक्कर. क्रमांकांची बेरीज १५ आली तर मैत्री, बेरजेत न बसणारी एकच मैत्रीची जोडी म्हणजे उंदीर-बैल. ड्रॅगन-बकरीत टक्कर नाही, मैत्रीही नाही. पण तिचं वर्ष कोंबड्याचं, आणि त्याच्या ड्रॅगनशी कोंबड्याची बेरीज १५.

आता ऋतू. त्याचा महिना सापाचा, उन्हाळ्याची सुरुवात, वर्ष घोड्याचं: उष्णता भरपूर. तिचा महिना डुकराचा, हिवाळ्याची सुरुवात, आणि वर्ष-महिना दोन्हींची खोडं यिन पाणी. एकाकडे जे जास्त तेच दुसऱ्याकडे कमी, म्हणून ही जोडी पूरक. बरेच जाणकार याला मोठं वजन देतात. मात्र साप आणि डुक्कर यांच्यात ६ घरांचं अंतर आहे आणि महिन्याचा स्तंभ आईवडिलांच्या घराचा, त्यामुळे कुरबूर झाली तर माहेर-सासरच्या बाजूने, असं वाचन होतं.

चुका बहुतेक सीमारेषांवर होतात. बाझीचं वर्ष चांद्र नववर्षाला नाही, ४ फेब्रुवारीच्या आसपासच्या लीछुनला, म्हणजे वसंतारंभाला सुरू होतं. १९९० चं नववर्ष २७ जानेवारीला होतं, म्हणून ३० जानेवारीला जन्मलेला लोकांच्या लेखी घोडा, बाझीत मात्र अजून साप. रात्री ११ नंतरचा जन्म अनेक परंपरा पुढच्या दिवसात धरतात. त्यातही चीनमध्ये १९८६ ते १९९१ या काळात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे होती. तेव्हा साडेअकराला नोंदलेला जन्म खरं तर साडेदहाचा, आणि दिवस बदलत नाही. शिवाय सबंध चीन १२० अंश पूर्व रेखांशाची वेळ पाळतो, तेव्हा पश्चिमेला दर अंशामागे ४ मिनिटं वजा करावी लागतात.

आणखी एक गोंधळ 'नायिन'चा, म्हणजे खोड आणि राशी यांच्या जोडीला मिळून एक तत्त्व देणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचा. १९८४ चं खोड लाकडाचं, पण नायिनमध्ये तेच वर्ष 'समुद्रातलं सोनं', म्हणजे धातू. दोन्ही यंत्रणा खऱ्या आणि वेगळ्या आहेत. एकाचं नायिन आणि दुसऱ्याचं खोड घेऊन तुलना केलीत तर उत्तर निरर्थक येतं.