‘थोडासाच बिब्बा लावला होता’: या चुका टाळा

बिब्बा औषध आहे, हे मी वैद्य म्हणून ठामपणे सांगतो. चरकसंहितेने त्याला रसायनांत स्थान दिलं आहे. पण व्हिडिओ पाहून बिब्बा वापरणारे अंगावर उतल्यावर माझ्याकडे येतात, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘थोडासाच लावला होता.’

सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ यावर विसंबणं. एका गृहस्थांनी दुखऱ्या गुडघ्याला बिब्ब्याचं तेल लावलं. त्रास झाला नाही, उतार वाटला. काही आठवड्यांनी पुन्हा लावलं, तेही आधीपेक्षा कमी. दोन दिवसांत गुडघ्यावर पाण्याचे फोड, आणि तेलाचा हात जिथे जिथे लागला तिथे, मानेला, पापण्यांना सूज. डोळे उघडेनात. बिब्ब्याच्या तेलात भिलावनॉल नावाचं ॲलर्जी आणणारं रसायन असतं. पहिल्या खेपेला शरीर ते ओळखायला शिकतं आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थेंबही पुरतो. तिथे मात्रा कमी करून काही साधत नाही. काजूच्या टरफलाचा चीक ज्यांना उठतो, त्यांनी तर बिब्ब्याला हातच लावू नये. दोन्ही झाडं एकाच कुळातली.

उतलाच, तर आधी साबणाने भरपूर धुवा, नखं कापा, फोड फोडू नका. मी वरून खोबरेल लावायला सांगतो. मात्र चेहरा सुजला, श्वास अडकू लागला किंवा लघवी कमी झाली, तर खोबरेलावर वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

शोधनात, म्हणजे औषधातला विषारीपणा कमी करण्याच्या प्रक्रियेत, घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. विटेच्या चुऱ्यात बिब्बे घोळवून तेल उतरवायला वेळ लागतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर या कामात पडूच नये. बंद स्वयंपाकघरात बिब्बे भाजू नका, धूरही बाधतो.

बचनागाचं मूळ तर जालीम विष, ते घरी कोणत्याही मात्रेत नको.

आधुनिक औषधांतही हीच बेफिकिरी दिसते. वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांत रक्ताच्या गुठळ्या रोखायला वापरात आहे. त्याची मात्रा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्तचाचणी, तपासून ठरते. आज गोळी राहिली म्हणून उद्या दोन घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.