विशेष शाळेची कार्यशाळा चालवताना या चुका टाळा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींच्या शाळेत पंधराव्या वर्षाच्या आगेमागे पूर्व-व्यावसायिक वर्ग सुरू होतो आणि अठरानंतर कार्यशाळा. तिथे अधीक्षक बदलतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, नवे निदेशक, म्हणजे काम शिकवणारे, येतात. चुका मात्र त्याच राहतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच: कार्यशाळेतून किती माल बाहेर पडला हे मोजलं जातं, तो कोणाच्या हातानं झाला हे मोजलं जात नाही.

नमुना निदेशकानं करणं

ही चूक दिवाळीची ऑर्डर घेताना होते आणि सगळ्यात महाग पडते. एका कार्यशाळेत घडलेला प्रकार थोड्याफार फरकानं अनेक ठिकाणी दिसेल. एका कंपनीला भेट देण्यासाठी 2000 पणत्या हव्या होत्या. निदेशक कलाकार माणूस. त्यांनी नमुना केला तो गेरूवर पांढरी नक्षी, कडेनं सोनेरी नागमोडी रेघ आणि मधे टिकलीएवढे आरसे असा. ऑर्डर हातोहात मिळाली. रंगकामाला आठ विद्यार्थी होते आणि नागमोडी रेघ त्यांतल्या एकालाच जमत होती. पहिल्या आठवड्यात 160 पणत्या झाल्या, देण्याजोग्या निघाल्या 40. मग शाळा सुटल्यावर शिक्षक बसू लागले, पाठोपाठ पालक आले, शेवटी बाहेरून माणसं बोलावली. माल वेळेवर गेला. त्या तीन आठवड्यांत आठांपैकी एक जण पणत्या पुसत होता, एक जण खोक्यांत भरत होता, उरलेले हात बांधून बसले होते.

त्यांत एक मुलगी होती. गणपतीपर्यंत ती पणतीला पांढरं अस्तर, म्हणजे रंगाचा पहिला हात, कोणाच्याही मदतीशिवाय देत होती. रंगाला ओघळ येतो म्हणून ऑर्डरच्या गडबडीत तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. दिवाळीनंतर ती ब्रशला हातच लावेना. कोणीतरी मनगट धरेपर्यंत थांबून राहायची. चार महिन्यांची कमाई तीन आठवड्यांत गेली. पुढच्या वर्षी कंपनीनं त्याच पणत्या 3000 मागितल्या. कलाकार निदेशक तोवर नोकरी सोडून गेले होते. ऑर्डर परत करावी लागली.

यावरचा उपाय साधा आहे. ग्राहकाला दाखवायचा नमुना विद्यार्थ्यानं एकट्यानं केलेलाच असावा. तो बघून ग्राहक नाही म्हणाला तर ती ऑर्डर आपली नव्हती. नक्षीही हातांना झेपेल अशी निवडा: नागमोडी रेघेऐवजी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं उठवलेले ठिपके. ठिपका थोडा इकडेतिकडे पडला तरी शोभतो, रेघ सरकली की चूक दिसते. अस्तराला ओघळ येत असेल तर मुलीला बाजूला करू नका, रंग घट्ट करा आणि रुंद ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा द्या.

संख्या ठरवताना मागून हिशेब करा. आठ जण दिवसाला मदतीशिवाय प्रत्येकी सहा पणत्या पूर्ण करत असतील तर 48. पंचवीस दिवसांच्या 1200. त्यातून आजारपण, फिट येणं, पाऊस, दवाखान्याच्या तारखा यांसाठी तिसरा हिस्सा काढा. उरल्या 800. आठशेच कबूल करा. नवे निदेशक इथे घाई करतात, पहिल्याच वर्षी मोठी ऑर्डर दाखवायची असते. त्यांना पहिल्या दिवाळीला ऑर्डर देऊच नये. वर्षभर नुसतं शिकवू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोलत राहणं

कोणत्याही कार्यशाळेच्या दारात दोन मिनिटं उभे राहा. "घे, कागद घे, आता दुमड, नीट दुमड, दाब, शाब्बास, आता खळ लाव." विद्यार्थी काम करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो निदेशकाच्या तोंडाकडे बघून काम करतोय. आवाज थांबला की हात थांबतात.

आधी काम पायऱ्यांत लिहून काढा. वर्तमानपत्राच्या पिशवीच्या दहा पायऱ्या होतात: ताव पाटावर ठेवणं, पुठ्ठ्याच्या साच्यावरून वरची कड दुमडणं, उजवी बाजू मध्यापर्यंत आणणं, डावी त्यावर आणणं, कडेला खळ लावणं, दाबणं, तळ उघडून बसवणं, तळाच्या पाकळ्या एकमेकींवर चढवणं, खळ लावून दाबणं, गठ्ठ्यावर ठेवणं. ही यादी टेबलाशी बसून लिहू नका. स्वतः पिशवी करा आणि हात काय करतात ते दुसऱ्याला लिहायला सांगा. दोन तरी पायऱ्या अशा सापडतील ज्या तुमच्या लक्षातच आल्या नव्हत्या.

मग शेवटाकडून शिकवा. पहिल्या नऊ पायऱ्या तुम्ही करा, दहावी विद्यार्थ्याची. ती जमली की नववी आणि दहावी त्याची. असं केल्यानं पहिल्या दिवसापासून पुरी झालेली पिशवी त्याच्या हातून गठ्ठ्यावर जाते. सुरुवातीकडून शिकवलं तर महिनोन्‌महिने त्याच्या वाट्याला अर्धवट दुमडलेला कागद येतो आणि काम कशाचं चाललंय हेच त्याला कळत नाही. सातव्या पायरीला, म्हणजे तळ उघडण्याला, सगळे अडतात. तिथे दोन महिने गेले तर तळ नसलेली, खालून एकदाच दुमडलेली पाकीट-पिशवी करायला द्या. औषधांच्या दुकानाला ती चालते.

मदतीआधी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच सेकंद निदेशकाला फार लांब वाटतात, पण विद्यार्थ्याला विचार करायला तेवढे लागतातच. तरीही हात हलला नाही तर आधी बोटानं खूण, मग एक शब्द, आणि अगदी शेवटी हातावर हात. वहीत प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर लिहा: स्व म्हणजे स्वतः, खू म्हणजे खुणेनं, श म्हणजे शब्दानं, ह म्हणजे हात धरून. सलग पाच दिवस स्व आला तरच पायरी आली म्हणायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर पिशव्यांच्या संख्येची वही ठेवण्याऐवजी ही वही ठेवा.

मोजता येत नाही म्हणून एखाद्याला गठ्ठे बांधण्यापासून दूर ठेवू नका. पाटावर दहा चौकोन आखा, प्रत्येकात एक पिशवी. चौकोन भरले की एक गठ्ठा. 250 ग्रॅम उटणं भरायचं असेल तर तबकडीच्या वजनकाट्यावर 250 च्या जागी हिरवी पट्टी चिकटवा. काटा हिरव्यावर आला की थांबायचं. आकडा वाचायला शिकवण्यात वर्ष घालवून शेवटी काम न देणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नयेत अशा

खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालतात. तो विषारी आहे. तोंडात बोटं घालणारा एक जरी विद्यार्थी असेल तरी मोरचूद कार्यशाळेत आणू नका. रोज सकाळी लागेल तेवढीच मैद्याची खळ शिजवा आणि उरलेली संध्याकाळी टाकून द्या.

वर्तमानपत्राच्या पिशव्या वडे-भजीवाल्यांना विकू नका. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे.

मेणबत्तीचं मेण थेट गॅसवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. पेटलेल्या मेणावर पाणी कधीच टाकायचं नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. अपस्माराच्या विद्यार्थ्याला या टेबलापासून लांबचं काम द्या. त्याच्या गोळीची वेळ निदेशकाला माहीत असायला हवी, कारण गोळीमुळे येणाऱ्या झोपेला आळस समजून त्याला रागावलं जातं.

तीस वर्षांच्या माणसाला "बाळा" म्हणू नका आणि चॉकलेट देऊन काम करवून घेऊ नका. विक्रीतून वाटा द्या, रोख, पाकिटात, ठरलेल्या तारखेला, सही किंवा अंगठा घेऊन. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये.

हातकाम येतं पण एकट्यानं बस पकडता येत नाही, संडास स्वच्छ वापरता येत नाही, डबा उघडता येत नाही, अशा विद्यार्थ्याला बाहेर कोणी कामावर ठेवत नाही. या गोष्टी वेळापत्रकात कामाइतक्याच ठळक हव्यात.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर कागद शोधणं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा उलटली की घरचे दाखले घेऊन शाळेत येतात आणि तेव्हा कळतं की प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या ओळखपत्रावर) नाव वेगळं आहे, बँक खातं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं म्हणून उघडलेलं आहे.

अठरानंतर आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतः व्यवहार करता येत नाही त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. हा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना लागू आहे. सगळ्यांनाच पालकत्व लागतं असं नाही. जो स्वतःची सही करू शकतो आणि पैसे ओळखतो त्याच्या नावावर पालक बसवण्याची घाई करू नये. म्हणून सही शिकवणं हा पूर्व-व्यावसायिक वर्गाचा भाग धरा.

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात बौद्धिक अक्षमता येते, पण त्यासाठी 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं वैध प्रमाणपत्र लागतं. म्हणून सतराव्या वाढदिवसाच्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल उघडा आणि पाच कागद तपासा: जन्मदाखला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र व त्याची मुदत, यूडीआयडी, आधार, बँक पासबुक. पाचही कागदांवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते अक्षर-अक्षर बघा. फरक आढळला तर त्याच आठवड्यात पालकांना बोलवा. दुरुस्तीला किती फेऱ्या लागतील ते कार्यालयावर अवलंबून असतं, आणि हाताशी फक्त एक वर्ष असतं.