सरावाचे मैदान खेळाडूंना जायबंदी करते आहे का, हे कसे तपासावे

कोल्हापूरच्या पेठांत दरवर्षी फुटबॉल हंगामाच्या तोंडावर "मैदानच खराब आहे" ही तक्रार ऐकू येते. पावसाळ्यात चिखल झालेली काळ्या मातीची सरावमैदाने तोवर वाळून दगडासारखी झालेली असतात आणि पहिल्या पंधरवड्यातच दोन-तीन मुले घोट्याला पट्टी बांधून कडेला बसलेली दिसतात. त्यावर "मैदानाला नावे ठेवू नका, वॉर्मअप नीट करा" असे बजावणारे जाणकारही प्रत्येक तालमीत, म्हणजे इथल्या फुटबॉल मंडळात, असतात. या दोन्ही पक्षांचा मला आता कंटाळा आला आहे, कारण दोघांपैकी कोणाकडेही साधी वही नसते. मैदानामुळे दुखापती होतात हे खरेच आहे. मात्र आपल्या मैदानामुळे, आपल्या संघात, नेमक्या कोणत्या दुखापती होतात, हे तपासूनच सांगता येते. हे काम प्रशिक्षकाला किंवा संघ व्यवस्थापकाला प्रयोगशाळेविना करता येते.

नोंदवही

प्रत्येक दुखापतीसाठी तारीख, शरीराचा भाग, इतर खेळाडूशी टक्कर झाली होती की नाही, पायात कोणते बूट होते, सरावाचा कितवा अर्धा तास होता आणि मैदानावरची जागा एवढे लिहावे. ज्या दुखापतीमुळे पुढचा सराव बुडाला तीच धरावी, नाहीतर वही खरचटण्यांनी भरून जाते.

मैदानाची पाहणी

पृष्ठभागाच्या तीन गोष्टी शरीराला बाधतात: कडकपणा, पकड आणि उंचसखलपणा. कडकपणा पाहण्यासाठी लांब पेचकस हाताच्या जोराने जमिनीत रोवून पाहावा. ओलसर, जिवंत मैदानात तो सहज चार बोटे जातो, तर गोलपोस्टसमोरच्या उघड्या पट्ट्यात पुष्कळदा टोकसुद्धा शिरत नाही. नंतर चेंडू दोन मीटर उंचीवरून सोडावा. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, कृत्रिम मैदानांच्या चाचणीत तो 60 सेंटिमीटर ते 1 मीटर उसळलेला चालतो. आपल्या मातीवर तो त्याहून वर येत असेल, तर तोच धक्का नडगीला आणि गुडघ्यालाही बसतो आहे असे समजावे. उंचसखलपणासाठी तीन मीटरची सरळ पट्टी किंवा पाइप आडवा टाकून खाली किती फट राहते ते पाहावे. कृत्रिम मैदानावर 10 मिलिमीटर ही मर्यादा धरतात. मातीच्या मैदानात तेवढी शिस्त मागणे व्यर्थ आहे, पण ज्या खळग्यात बुटाची टाच बसते तो बुजवलाच पाहिजे.

पकडीबाबत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. हिरवेगार, गादीसारखे मैदान सुरक्षित असते ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा वेगळा खेळ असला, तरी क्रीडावैद्यक जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मैदानांचा अभ्यास केला तेव्हा गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटच्या दुखापती राय गवतापेक्षा बर्म्युडा गवतावर अधिक आढळल्या. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. तिच्या मुळांशी वाळक्या काड्यांचा जो दाट थर साचतो, त्यात स्टड, म्हणजे बुटाच्या तळाची गोटी, रुततो, शरीर वळते आणि पाय तिथेच राहतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा थर बोटांनी गवत बाजूला सारून पाहावा. तो बोटाच्या पेराएवढा जाड झाला असेल, तर लांब स्टडचे बूट त्या मैदानावर आणू देऊ नयेत.

तास आणि जागा

खरी अडचण इथे आहे आणि बहुतेक सल्ले इथेच फसतात. मीही या टप्प्यावर बराच काळ अडखळत होतो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

दुखापतींची नुसती संख्या काहीही सिद्ध करत नाही. समजा, 24 खेळाडूंचा संघ 16 आठवडे सराव करतो. आठवड्यातून चार दिवस 'अ' मैदानावर आणि एक दिवस 'ब' मैदानावर, दररोज दीड तास. हंगामाअखेर 'अ' वर 12 आणि 'ब' वर 5 दुखापती झाल्या, तर कट्ट्यावर बसणारा प्रत्येक माणूस 'अ' ला दोष देईल. आता खेळाडूंचे तास काढावेत. 'अ' वर 24 × 1.5 × 4 × 16 म्हणजे 2304 तास होतात आणि 'ब' वर 576. दर हजार तासांमागे 'अ' वर 5.2 दुखापती झाल्या, 'ब' वर 8.7. निकाल उलटला. जगभरचे अभ्यासकही दर हजार खेळाडू-तास हेच माप वापरतात.

आता 'ब' मैदान बंद करण्याची घाई करणाऱ्यांसाठी इशारा. 'ब' वरच्या पाचांपैकी दोन दुखापती झाल्या नसत्या, तर तिथला दरही 5.2 च आला असता. दोन मुलांच्या नशिबावर उभा असलेला निष्कर्ष समितीपुढे नेऊ नये. एका संघाच्या एका हंगामात आकडे नेहमी एवढेच लहान राहतात. शिवाय 'ब' वर रविवारी आपापसांतला सामना खेळवला जात असेल, तर तुलनाच बाद ठरते. युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या यूएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) अभ्यासात, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सरावात दर हजार तासांमागे 4.1 आणि सामन्यात 27.5 दुखापती होत्या. सामन्याचे तास सरावात मिसळले, की सामन्याचे पाप मैदानाच्या माथी बसते. दोन्हींची खाती वेगळी ठेवावीत, याला अपवाद नाही.

मग लहान संघाने करावे काय? माझे ठाम मत असे, की दोन मैदानांची तुलना करत बसण्यापेक्षा एकाच मैदानाच्या आतली तुलना करावी, कारण तिथे खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच आणि सरावाचा भारही तोच असतो. मैदानाचा साधा आराखडा कागदावर काढून प्रत्येक दुखापतीच्या जागी टिंब करावे. टक्करविरहित दुखापतींना, म्हणजे पाय मुरगळणे, घसरणे, वळताना गुडघा अडकणे यांना लाल, आणि लाथ, कोपर, डोके आपटणे यांना निळे. निळी टिंबे मैदानाविषयी फारसे काही सांगत नाहीत. लाल टिंबे सर्वत्र विखुरलेली असतील, तर मैदानावर ठपका ठेवण्याआधी भार, झोप आणि जुन्या, अर्धवट बऱ्या झालेल्या दुखापती तपासाव्यात. ती एका गोलपोस्टसमोर, पाण्याच्या नळाजवळ किंवा मुरूम टाकून बुजवलेल्या पट्ट्याच्या कडेला गोळा झाली असतील आणि पेचकसही नेमका तिथेच अडला असेल, तर मैदानाविरुद्ध याहून चांगला पुरावा मिळणार नाही. अर्थात गोलपोस्टसमोर वावरही जास्त असतो. म्हणून दोन्ही गोलपोस्टसमोरच्या जागा एकमेकींशी ताडून पाहाव्यात, गोलपोस्टची जागा आणि मध्यरेषा यांची तुलना करू नये.

हळूहळू जडणाऱ्या दुखण्यांना, म्हणजे नडगी, टाच, गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध यांच्या दुखण्यांना, टिंब लावता येत नाही. त्यांच्यासाठी वहीत दुखणे सुरू झाल्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत मैदान, बूट किंवा सरावाचे तास बदलले होते का, एवढेच लिहावे. माझ्या पाहण्यात मैदान कडक असण्यापेक्षा ते अचानक कडक होणे जास्त बाधते. चिखलातून थेट वाळलेल्या मातीवर किंवा मातीवरून थेट टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, गेलेला संघ पहिल्या काही आठवड्यांतच कुरकुरू लागतो.

कृत्रिम टर्फ असल्यास

टर्फ म्हणजे दुखापत, हे सरसकट विधान टिकत नाही. फुटबॉलमधील दुखापतींचे अभ्यासक यान एकस्ट्रँड यांच्या गटाने 2006 मध्ये युरोपातील वरिष्ठ क्लबांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नव्या पिढीच्या टर्फवर एकूण दुखापती गवतापेक्षा जास्त आढळल्या नाहीत. घोटा मुरगळणे मात्र जास्त आढळले. तो अभ्यास निगा राखलेल्या टर्फचा होता, हे भाड्याने मिळणाऱ्या, जाळीने वेढलेल्या छोट्या बॉक्स टर्फवर खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तिथे धाग्यांमध्ये भरलेले रबराचे दाणे कडेला सरकून पेनल्टीच्या जागी नुसते झोपलेले धागे उरतात. स्टीलची पट्टी रोवून दाण्यांची खोली चार-पाच ठिकाणी मोजावी आणि ती असमान असेल, तर ब्रश फिरवून घ्यावा. उन्हाळ्यात दुपारी टर्फवर सराव ठेवूच नये.

उपाय

क्रम महत्त्वाचा आहे: आधी बूट, मग सरावाची मांडणी, मग मैदान. कडक मातीवर आणि टर्फवर आखूड, पुष्कळ गोट्यांचे टर्फ बूट घालावेत. हलवता येणारे गोलपोस्ट दर आठवड्याला सरकवावेत आणि वेगाने वळण्याचे ड्रिल उघड्या पट्ट्यावर घेऊ नयेत. आदल्या संध्याकाळी पाणी मारावे, सरावाच्या तोंडावर मारू नये. वर निसरडे आणि आत कडक अशी काळी माती सर्वांत वाईट. रोलर फिरवल्याने मैदान सपाट दिसते आणि आणखी कडक होते, म्हणून आधी दातांच्या पंज्याने भोके पाडून वाळूमिश्रित माती भरावी आणि रोलर हलकाच वापरावा. नव्या पृष्ठभागावर पहिले दोन आठवडे सरावाचा निम्मा भागच घ्यावा.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची तारीख वहीत लिहावी. बूट, वेळ आणि मैदान एकदम बदलले, तर पुढच्या हंगामात लाल टिंबे कमी होऊनही ती कशामुळे कमी झाली ते सांगता येणार नाही, आणि मैदानाच्या डागडुजीचा खर्च समितीकडून मंजूर करून घेताना पहिला प्रश्न नेमका तोच येतो.