‘म्हणजे’ म्हणजे ‘मीन्स’ नव्हे! मीन वापरताना या चुका टाळा

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टच्या एका ऑफिसात बाहेरच्या पार्ट्यांना मेल लिहायचं काम करतो, आणि इतक्या वर्षांत एक बघितलंय, अवघड शब्दांवर आपण अडत नाही, कारण ते डिक्शनरीत बघतो. आपण अडतो इंग्लिशमधल्या ‘मीन’सारख्या चौथीतल्या शब्दावर, कारण तो येतो असं धरून चाललेलो असतो.

सगळ्यात मोठी चूक आपल्या ‘म्हणजे’मुळे होते. आपण बोलताना दर दुसऱ्या वाक्याला म्हणजे घालतो आणि इंग्लिशमध्ये तिथं सरळ ‘मीन्स’ टाकतो. ‘लोडिंग इज डन, मीन्स कंटेनर विल लीव्ह टुडे.’ किंवा ‘ही इज माय साडू, मीन्स माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड.’ आता आपलं म्हणजे कसंय, ते कधी बदलत नाही, मी असो तू असो, काल असो उद्या असो, आहे तसंच राहतं आणि कुठंही चिकटतं. मीन हे मात्र पक्कं क्रियापद आहे, त्याला कर्ता लागतो. कोण मीन्स? काय मीन्स? म्हणून पहिल्या वाक्यात ‘विच मीन्स द कंटेनर विल लीव्ह टुडे’ म्हणा, विच लावला की काम झालं, नाहीतर साधं ‘सो’ घाला. नातं समजावून सांगताना ‘दॅट इज’ चालतं. आणि बोलता बोलता चुकलो, दुरुस्त करायचंय, तर ‘आय मीन’. ‘सेंड इट ऑन मंडे, आय मीन ट्यूसडे.’ एवढं एक जरी सुधारलं तरी तुमचं इंग्लिश निम्मं सुधारल्यासारखं वाटेल, खरं सांगतो.

दुसरी चूक प्रश्न विचारताना. ‘व्हॉट डज धिस वर्ड मीन्स?’ हे मी पोरांच्या तोंडून रोज ऐकतो. डजमध्ये तो ‘स’ आधीच गेलाय, परत मीनला लावायचा नाही. ‘व्हॉट डज धिस वर्ड मीन?’ बास. ‘व्हॉट इज द मीन ऑफ धिस वर्ड’ पण चूकच, अर्थ या नामाला मीनिंग म्हणतात. नुसतं मीन हे नाम घेतलं तर गणितातली सरासरी होते. आणि विशेषण म्हणून आलं तर कंजूष किंवा खडूस माणूस. सरासरीचं मीन लॅटिनकडून फ्रेंचमधून आलंय, क्रियापद जुन्या इंग्लिशमधलंच आहे, दिसायला सारखं म्हणून एक समजू नका. (आपली मीन रास तर वेगळीच, ती मासळी.) आमच्यात एकदा पार्टीचा मेल आला, ‘आय डिडन्ट मीन टू बी रूड’, तर शेजारचा म्हणतो, ‘काय म्हणायलाय बे हा, मला मीन म्हणतोय का?’ तो बिचारा माफी मागत होता. मीनच्या मागं ‘टू’ आलं की हेतू, इरादा. ‘आय मेंट टू कॉल यू’, फोन करायचाच होता. पण मागं ‘इंग’वालं रूप आलं तर ते करावं लागणार असा अर्थ: ‘धिस ऑर्डर मीन्स वर्किंग ऑन संडे’, म्हणजे रविवारची सुट्टी गेली.

‘आय एम मीनिंग’ लिहू नका. अर्थ सांगायचा असेल तेव्हा मीनला चालू काळ चालत नाही. टॉवेलच्या कापडाचं वजन सांगताना ‘वी आर मीनिंग ४५० जीएसएम’ नाही, ‘वी मीन ४५० जीएसएम’. मात्र हेतूच्या अर्थानं ‘आय हॅव बीन मीनिंग टू कॉल यू’ अगदी बरोबर आहे, कधीपासून फोन करायचा म्हणतोय असं.

सूर पण सांभाळा. ‘व्हॉट डू यू मीन?’ व्याकरणानं बरोबर आहे पण मेलमध्ये कोरडं टाकलं तर ‘काय म्हणायचंय काय तुला?’ असं भांडण काढल्यासारखं लागतं. ‘व्हॉट इज द मीनिंग ऑफ धिस?’ तर त्याहून वाईट, बाही सरसावल्यासारखं. ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय’ लिहा.

मग काहीजण इंप्रेशन मारायला मीनच्या जागी डिनोट टाकतात. ‘व्हॉट डू यू डिनोट?’ असं कुणी म्हणत नाही. डिनोट चिन्हाला, अक्षराला, आकड्याला. टॉवेलच्या लेबलवर जीएसएम लिहितो, ते एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन डिनोट करतं, बरोबर. सिग्निफाय जरा भारदस्त, विधी किंवा प्रतीक समजावताना शोभतं. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी बाहेरच्या पाहुण्याला अक्षता सोहळा सांगायचा असेल तर ‘द सेरेमनी सिग्निफाइज द मॅरेज ऑफ सिद्धेश्वर्स योगदंड टू द पॉटर्स डॉटर’ छान वाटतं. पण गाडी कधी सुटते विचारायला सिग्निफाय नको.

राहिला भूतकाळ. मीन्ड असा शब्दच नाही, मेंट आहे, आणि त्यात लांब ‘ई’ नाही. हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलोय. पार्टी फोनवर म्हणाली, ‘नो नो, वी मेंट ग्रीन’, निळा नव्हे हिरवा म्हणायचं होतं आम्हाला. लाइन खराब, मी ऐकलं ‘मिंट ग्रीन’. डाइंगला तसंच सांगितलं, पुदिन्याच्या रंगाचे सॅम्पल निघाले, कुरिअर पण झाले. उरलेले दोन आमच्या घरी पाय पुसायला आहेत अजून.